मोहाच्या ढोलीपुढचा ताठ नवरदेव

एका जंगलात, जिथं अजून डांबरी सडक पोचली नव्हती आणि म्हणून झाडं शिल्लक होती, डुकरांचा एक कळप राहत होता. मोठा मानी कळप. चिखलात लोळायचं झालं तरी मानपानाने लोळायचे. आधी पाटील, मग पाटलीणबाई, मग भाऊबंद, आणि पाणी पार गढूळ झालं की मग विधवा.

त्या शेवटच्यांत सोनकी होती.

डुक्कर म्हटल्यावर नाक मुरडू नका रे. जमिनीखालचा कंद त्या नाकाला वरून कळतो. तुम्हाला पानात वाढलेली भाजी कसली ते दोनदा विचारावं लागतं.

तर सोनकी. अंगाने बेताची, एक कान फाटका, पण डोकं जाग्यावर. तिला एकच लेक, लव्हाळी. लव्हाळी लग्नाची झाली होती आणि कळपात बोलणं चाललं होतं की यंदा तिला पाटलाच्या पहाडला द्यायची.

पहाड नावासारखाच होता. मागून बघावं तर दोन कलिंगडं शेजारी मांडून ठेवल्यासारखे पुठ्ठे. अंगावर चरबीचा ठिपका नाही. चालला की कातडीखाली दोऱ्या हलायच्या. बाया कंद उकरायचं सोडून बघत राहायच्या.

"नशीब काढलं हो वहिनी तुमच्या पोरीनं," सोनकीची नणंद चिंगळी म्हणाली.

"अजून ढोलीची परीक्षा व्हायचीय," सोनकी म्हणाली.

"ती काय! पहाड नाही ताठ होणार, तर काय तो लोळ्या होणार?"

सगळ्या खी खी हसल्या. लोळ्या म्हणजे कळपातला सर्वांत ढिला डुक्कर. पोट जमिनीला लागायचं. चरता चरता झोपायचा आणि झोपेत चरायचा. त्याला हाक मारली की तो आधी जांभई द्यायचा, मग ओ द्यायचा.

आता ढोलीची परीक्षा म्हणजे काय ते सांगते.

तळ्याकाठी मोहाचं एक जुनं झाड होतं. त्याला आरपार ढोली. चैत्रात मोहाची फुलं गळून तिच्यात साचायची, आंबायची आणि असा वास सुटायचा की वरून जाणारी माकडंसुद्धा फांदी चुकायची. लग्नाच्या नराने त्या ढोलीत नाक घालून भरपूर श्वास घ्यायचा. साधं डुक्कर असेल तर डुलतं, डोळे मिटतं आणि धप्पकन आडवं होतं. पण एखादा असा निघतो की त्याचे चारही पाय लाकडासारखे ताठ होतात. मान ताठ, शेपूटसुद्धा ताठ. पडत नाही, हलत नाही. त्याला हार, त्याची ढोल वाजवत मिरवणूक आणि कळपातली चांगली मुलगी त्याला.

परीक्षेला प्रमुख पाहुणे म्हणून दरवर्षी वाघसाहेब यायचे.

हो, वाघ. डुकरांच्या समारंभाला. त्यात काय नवल? तुमच्या शाळेत कोण येतं ते आठवा.

सोनकीचा नवरा दांडगोबा असाच ताठ निघाला होता. हार पडला, लग्न झालं. लव्हाळी पोटात होती तेव्हा एकदा वीज कडाडली. सगळे दचकले आणि पळाले. दांडगोबा दचकला तो दचकलेलाच राहिला. पाय ताठ, जबडा घट्ट. अंग असं तापलं की पाठीवर बसलेली माशी उडून गेली. दिवस मावळायच्या आत खलास.

त्याच्या आधीचा नवरदेव तर मिरवणुकीतच गेला, ढोलाच्या पहिल्या थापेला. आणि गेल्या साली पाटलाचा थोरला. वाघसाहेबांनी शाबासकी द्यायला पंजा उचलला, तेवढ्यावर.

कळप म्हणायचा, दृष्ट लागली. एवढं देखणं अंग, लागणारच.

आणि वाघसाहेब दरवेळी मान हलवून म्हणायचे, "फार वाईट झालं. पुढचं मी बघतो."

पुढचं ते फार मनापासून बघायचे. साहेबांचे दात पडले होते, पळायचं त्राण नव्हतं. ते मांस फिकट असायचं, पाणचट, पंजा लावला की पाणी सुटायचं. दुसरा वाघ असता तर थुंकला असता. यांना ते मऊ भातासारखं बरं पडायचं.

सोनकी हे सगळं बघत आली होती. दृष्ट लागते तर ती नेमकी हारवाल्यालाच का लागते? लोळ्याला का नाही लागत? का लोळ्याकडे कुणी बघतच नाही?

तिला स्वतःचं काही नव्हतं आता. पण लव्हाळीने आपल्यासारखं विधवा व्हावं आणि तिच्या पिल्लांनी विजेच्या आवाजाला मरावं, हे तिला सोसणारं नव्हतं.

कळपात अंगाच्या आतलं कळणारा एकच जण होता. गोचीडशास्त्री.

हसू नका. डॉक्टर बाहेरून छातीला नळी लावतो. गोचीड आत तोंड घालून बसलेला असतो. शास्त्रीबुवांनी कळपातली एकेक मान चाखली होती. सध्या मुक्काम सोनकीच्या फाटक्या कानामागे.

"शास्त्रीबुवा, एक विचारू?"

"विचार. पण मी बोलायला लागलो की मध्ये बोलायचं नाही."

"हारवाले मरतात कशाने?"

शास्त्रीबुवा खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, सगळे नुसते अंग घासायचे.

"बाई, तुझ्या पायात मांस आहे ना, त्या मांसाच्या दोऱ्यादोऱ्यात चुन्याच्या इवल्या डब्या आहेत. पानवाल्याकडे असतात तशा. पाय उचल म्हणून डोक्यातून सांगावा आला की डबीचं दार उघडतं, चुना बाहेर येतो, दोरी आखडते. काम झालं की दार लागतं, चुना परत डबीत, दोरी सैल. कळलं?"

"कळलं."

"हारवाल्यांच्या दाराला कडी नाही. दार लागतं, पण धड लागत नाही. चुना झिरपत राहतो. दोऱ्या बसल्या जागी कसरत करत राहतात, म्हणून पुठ्ठे असे फुगलेले आणि चरबीला बसायला जागा नाही. पण दचकला, की सगळी दारं एकदम उघडतात आणि मग लागतच नाहीत. अंग आखडतं, तापतं, संपतं."

"मग कडी का नाही?"

"आता आलीस मुद्द्यावर!" शास्त्रीबुवा कानात सरकले. "दार कसं करायचं याचा निरोप प्रत्येकाच्या अंगात असतो. लांबलचक. माझं सगळं आयुष्य त्याची मांडणी शोधण्यात गेलं. तुझी नणंद निरोप सांगते तसा आहे तो. कामाचे दोन शब्द, मग गावभर चक्कर. पुन्हा दोन शब्द, पुन्हा कुणाच्या तरी बारशाची हकिकत. असे कामाचे तुकडे शंभराच्या वर! अंग मधली बडबड कापून टाकतं, तुकड्याला तुकडा जोडतं आणि दार घडवतं. आता पहिला तुकडा बघ कसा आहे..."

"शास्त्रीबुवा, कडी."

"मध्ये बोलायचं नाही ठरलं होतं."

"लेकीचं लग्न आहे हो माझ्या!"

शास्त्रीबुवांनी सुस्कारा सोडला. "हारवाल्यांच्या निरोपात एका तुकड्यातलं एक अक्षर बदललंय. एकच. तिथं कडीचं बिघडतं. निरोप दोन असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी धड असला तरी निभतं. दोन्ही बिघडलेले असले तर पुठ्ठे, हार आणि वाघसाहेब."

सोनकीने बोटांवर मोजलं असतं, पण तिला खूर होते. तरी हिशेब लागला. दांडगोबाचे दोन्ही बिघडलेले. म्हणजे लव्हाळीला त्याच्याकडून एक बिघडलेला आलाच.

"आणि माझ्याकडचा?"

"तुझे दोन्ही धड. चव घेऊन सांगतो. पोरीला काही होणार नाही. पण पहाडशी लग्न केलंस तर निम्मी पिल्लं ताठ निघतील."

"अहो, मग ही परीक्षा काढली कुठल्या मेल्याने?"

"माझ्या पणजोबांनी," शास्त्रीबुवा म्हणाले. "ताठ होईल त्याचं लग्न करायचं नाही, एवढ्यासाठी. पहिल्या वर्षी नीट चाललं होतं. ताठ ते उजवीकडे उभे केले, आडवे झाले ते नवरदेव म्हणून डावीकडे. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. उशिरा आले, पाहुणे उशिराच येतात. त्यांनी आडव्यांकडे बघितलं, ताठांकडे बघितलं, आणि हार उचलून ताठाच्या गळ्यात घातला. म्हणाले, 'वा! काय बाणा!'"

"कुणी सांगितलं नाही त्यांना?"

"टाळ्या पडल्या होत्या, बाई. टाळ्या पडल्यावर कोण सांगणार?"

सोनकी तशीच उठली आणि पाटलाकडे गेली. पाटील चिखलात पहिल्या मानाच्या जागी बसले होते. तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. चुना सांगितला, कडी सांगितली, हारही सांगितला.

पाटलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे वाघसाहेब चुकले, असं तुझं म्हणणं?"

"चुकले नाहीत, पाटील. त्यांना कुणी सांगितलं नाही."

"आणि आता मी सांगू? की साहेब, इतकी वर्षं तुम्ही हार घातलात तो बाद ठरवायच्या डुकरांना घातलात? आणि त्यातला एक माझा थोरला होता?"

पाटलांचा जबडा हलत होता, पण ते काही चावत नव्हते.

"जा घरी," ते म्हणाले. "परीक्षा होणार. पहाड उभा राहणार."

परत येताना तळ्याच्या वळणावर तिला पहाड दिसला. करंजाखाली एकटाच. वाळलेलं पान पडलं, टप्प. तेवढ्यावर त्या पहाडासारख्या अंगाला काटा आला आणि मागचे दोन्ही पाय ताठ झाले. सोनकी थांबली. हळूहळू पाय सैल झाले.

"बघितलंत ना मावशी?" पहाड कुजबुजला. "कुणाला सांगू नका."

"कधीपासून होतंय रे?"

"दादा गेला तेव्हापासून कळतंय मला. ढोल वाजायला लागला की मी जाणार."

"मग बोलत का नाहीस?"

"एवढं अंग घेऊन? घाबरतो म्हणून सांगू?"

सोनकी लेकीला वाचवायला निघाली होती, आता हे दुसरं पोर गळ्यात पडलं.

घरी लव्हाळी कंद सोलत बसली होती.

"तुला पहाड आवडतो का गं?"

"बघायला बरा आहे," लव्हाळी म्हणाली. "पण आई, लोळ्याच्या शेजारी मला झोप लागते."

सोनकीने कपाळाला खूर लावला. जावई म्हणून लोळ्या! पण मग तिच्या मनात आलं, दांडगोबाच्या शेजारी आपल्याला एकदा तरी नीट झोप लागली होती का? पान हललं की तो उठायचा, तो उठला की आपण.

"शास्त्रीबुवा," ती कानाला म्हणाली, "लोळ्याचं काय?"

"दोन्ही धड. उत्कृष्ट कडी. मी तिथं महिनाभर होतो, फार शांत जागा."

"ठरलं तर मग."

ढोली आरपार होती म्हणून सांगितलं ना? तिच्या दोन तोंडांचेही मान ठरलेले. एकीकडून पाटलाच्या घरचे नाक घालणार, दुसरीकडून बाकीचे. परीक्षेच्या दिवशी दुपारी सगळा कळप तळ्यात लोळत असताना मायलेकींनी बाकीच्यांच्या बाजूला चार खड्डे उकरले. त्यांत तळाची चिकणमाती भरली. लोळ्याला आणून त्याचे चार पाय त्यांत उभे केले आणि वरून पाचोळा पसरला.

"इथंच उभा राहा," लव्हाळी म्हणाली.

"बरं," लोळ्या म्हणाला. "किती वेळ?"

"उठवीपर्यंत."

एवढं सोपं काम त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

पहाडच्या नाकात सोनकीने ओल्या मातीचे दोन गोळे बसवले. "तोंड ढोलीबाहेर ठेव आणि तोंडाने श्वास घे. आणि धप्पकन पड."

"सगळे हसतील, मावशी."

"हसू देत. हसणारे ढोल वाजवत नाहीत."

वाघसाहेब उशिरा आले. त्यांच्यामागून सूत्रसंचालक कोल्हा. कोल्ह्याने प्रास्ताविक सुरू केलं. जंगलाची परंपरा झाली, साहेबांचा परिचय झाला, साहेबांच्या आईचा परिचय झाला. ऊन मी म्हणत होतं. कोल्हा इतका बोलला, इतका बोलला, की खड्ड्यांतली माती वाळून खडक झाली. भाषणाचा एवढा उपयोग त्या जंगलात आधी कधी झाला नव्हता.

मग पहाड पुढे आला. बाया उसासल्या. त्याने ढोलीत नाक घातलं, छाती फुगवली, डुलला आणि धप्पकन आडवा झाला. एक डोळा उघडा होता, तो सोनकीने खुराने हळूच मिटला.

मग कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच.

पाटील ताडताड पुढे आले. पाटलांनी पोराच्या तोंडाला तोंड लावून हुंगलं. नाकपुडीतून मातीचा गोळा अर्धा बाहेर आला होता. पाटलांनी तो बघितला. सोनकीकडे बघितलं. मग आपल्या नाकाने तो गोळा हळूच परत आत सारला.

"नालायक!" ते ओरडले. "नाक कापलंस! जा, त्या पार लांबच्या बाभळीमागे जाऊन पड, तोंड दाखवू नकोस कुणाला!"

आणि लेकराला ढकलत ढकलत स्वतः बाभळीमागे पोचवून आले. जिथं ढोल ऐकू येत नाही, तिथं.

"पुढचा!" कोल्हा ओरडला.

सगळे झाडाला वळसा घालून पलीकडे गेले. लोळ्याचं नाक दुपारपासून ढोलीतच होतं. तो केव्हाच गाढ झोपला होता. पण पाय मातीत पक्के, पडणार कसा? सगळ्या जगाला दिसत होतं की लोळ्या उभा आहे. ताठ.

"अगं बाई!" चिंगळी म्हणाली.

वाघसाहेब जवळ आले. लोळ्याच्या पोटातून आवाज येत होता. घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स.

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं.

सोनकी पुढे झाली.

"साहेब, बाणा अंगात मावत नाहीये. बाहेर पडतोय."

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "इतकी वर्षं मी येतोय," ते म्हणाले, "पण असा आतला हुंकार कधी ऐकला नाही. खरा ताठ तो, जो हुंकारतो!"

टाळ्या पडल्या. सोनकी मनात म्हणाली, झालं. टाळ्या पडल्या.

हार घातला. मिरवणुकीला नवरदेव जागचा हलेना, म्हणून मिरवणूकच त्याच्याभोवती फिरली. वानरांनी ढोल बडवले. साहेब अगदी जवळ उभे राहिले, चेहरा दुःखी करून, तयारीत.

नवरदेव पडेना.

साहेबांनी शाबासकीचा पंजा पाठीवर मारला. पाठ थुलथुलली, बस्स. साहेब खोकले. काही नाही. शेवटी ते लोळ्याच्या कानाशी जाऊन अंगातलं सगळं बळ काढून डरकाळले. अर्धा कळप तळ्यात पडला. लोळ्याने एक डोळा उघडला.

"वाढलं का?" त्याने विचारलं.

साहेब उपाशी गेले. पुढच्या वर्षीही आले आणि तसेच गेले. त्यानंतर कळवून टाकलं की कार्यक्रमाचा दर्जा घसरला आहे, वेळ होणार नाही.

पण रीत पडली ती पडली. आता त्या कळपात ढोलीपुढे चार खड्डे करतात, ताठ सगळेच उभे राहतात, आणि जो घोरेल त्यालाच मुलगी देतात. का, म्हणून विचारलं तर सांगतात, साहेबांचं वचन आहे.

लव्हाळीला सहा पिल्लं झाली. विजेला दचकतात, पळतात आणि पुन्हा येऊन आईला चिकटतात. त्यांना सांभाळतो पहाड. नापास झाला, म्हणून लग्न नाही. नापास झाला, म्हणून जगला. पिल्लं त्याच्या पुठ्ठ्यांवरून घसरगुंडी खेळतात आणि तो सांगतो, "हळू रे, ओरडू नका."

पाटील एकदा चिखलात जाताना सोनकीपाशी थांबले. "वहिनी, आधी तुम्ही," म्हणाले.

तेव्हापासून सोनकी स्वच्छ पाण्यात लोळते. पण सुख नाही हो बिचारीला. काम झाल्यावर शास्त्रीबुवांना 'आता सांगा' म्हणून बसली, आणि ते कानात बसून निरोपाची मांडणी सांगतायत. शंभरावर तुकडे. अजून पहिलाच चाललाय.

तात्पर्य: परीक्षेत कॉपी करावी, मात्र योग्य डुकराला पास करण्यासाठी. आणि मुलांनो, प्रमुख पाहुण्यांची चूक कधी दुरुस्त करू नये, फार वाईट दिसतं. त्यांच्या तोंडून दुसरी, आपल्या सोयीची चूक वदवून घ्यावी आणि सर्वांत आधी आपण टाळी वाजवावी.